मोजके आणि तोकडे

थोडकेपणा सांगणारे शब्द भाषेत दोन गोटांत उभे असतात. इंग्रजीत ‘ब्रीफ’ म्हटले की बरे वाटते, ‘कर्ट’ म्हटले की माणूस दुखावतो. मराठीतही तसेच आहे. मोजके, नेमके, सुटसुटीत, आटोपशीर हे शब्द आपण दाद देताना वापरतो, तर तोकडे, थिटे, तुटक, त्रोटक हे नावे ठेवताना. थोडकेपणा दोन्हीकडे सारखाच असतो. मग एकाचा गुण आणि दुसऱ्याचा दोष कशाने होतो? माझ्या मते याचा निकाल बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यापाशी लागतो.

याचा एक दाखला अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. गोदाकाठच्या पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. परंपरा सांगते, की चौदाशे वर्षांचे हे योगी ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यापाशीच अडले. चिरंजीव लिहावे तर समोरचा ज्ञानाने थोर, तीर्थरूप लिहावे तर वयाने लहान. शेवटी त्यांनी कोरा कागदच धाडला. इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताबाई म्हणाल्या. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. तीच ‘चांगदेव पासष्टी’.

याच ज्ञानदेवांनी प्रवराकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. तिथे एकेका कल्पनेसाठी दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात. मग चांगदेवांच्या वेळी हात आखडता का घेतला? नेवाशाचा श्रोता संस्कृतच्या दाराबाहेर राहिलेला होता, त्याला हाताला धरून आत न्यायचे होते. चांगदेवांची साधना जन्मभराची होती, त्यांना फक्त जागे करायचे होते. पासष्टी छोटी आहे ती चांगदेवांच्या तयारीवर विसंबून, आणि त्या विश्वासात मला त्यांचा मोठा मान दिसतो.

असाच विश्वास मला या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातही दिसतो. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार ही अवर्षणप्रवण भागातली गावे. त्यांच्या कामातून पुढे आलेली आणि आदर्श गाव योजनेने घेतलेली सूत्रे एकेका शब्दाची आहेत : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. यातली चराईबंदी घ्या. डोंगरावर मोकळी गुरे सोडायची नाहीत, गवत वाढू द्यायचे, ते कापून आणून गोठ्यात घालायचे. गवत राहिले की माती धरून राहते, पाणी जिरते, विहिरीला पाझर फुटतो. हे सगळे त्या एका शब्दात मावले, कारण तो गावात येण्याआधी त्यावर ग्रामसभांत बोलणे झाले होते, वाद झाले होते. ज्याची शेळी उपाशी राहणार होती त्याचे ऐकून घ्यावे लागले होते. सूत्र म्हणून तो शब्द नंतर टिकला. चर्चेआधीच फलकावर रंगवला असता तर तो नुसता हुकूम झाला असता.

तुटकपणाची खूण मला इथेच सापडते. शेतकऱ्याच्या मोबाइलवर ‘अर्ज नामंजूर’ एवढाच निरोप येतो. शब्द दोनच असतात, पण का नामंजूर, कोणता कागद राहिला, आता कुठे जायचे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. उरलेला अर्थ त्याच्यापाशी नाही, आणि तो पुरवण्याची तसदी पाठवणाऱ्याने घेतलेली नाही. लिहिणाऱ्याचे दोन मिनिटांचे काम वाचले आणि वाचणाऱ्याचा तालुक्याला हेलपाटा झाला. दवाखान्याच्या चिठ्ठीवरचे ‘१-०-१’ असेच आहे. ज्याला सकाळ-दुपार-संध्याकाळ हा क्रम समजावला आहे त्याला ते पुरते, न समजावलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते कोडे वाटते.

थोडक्यात बोलण्याचे आपल्याला फार कौतुक आहे, आणि वेळेच्या ओढाताणीत ते वाढतच जाणार. म्हणून एक कसोटी मला मोलाची वाटते : मी गाळलेले ऐकणाऱ्यापाशी आधीच आहे का? असेल तर दोन शब्दही भरपूर झाले. नसेल तर ज्याला गरज आहे त्याच्यासाठी नऊ हजार ओव्या सांगण्याची तयारी हवी. ती तयारी असणाऱ्यालाच पासष्टांत थांबण्याचा अधिकार पोचतो.