दीड किलो

वाळवा तालुक्यातल्या एका शाळेचा मुलींचा कबड्डी संघ. किशोरी गटाला वजनाची मर्यादा 55 किलो, आणि डावा कोपरा सांभाळणारी पोर भरली साडेछप्पन.

"दीड किलो उतरव, बाकी मी बघते," बाई म्हणाल्या. कसं उतरवायचं, ते सांगितलं नाही. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या वेळी त्यांनाही कुणीतरी एवढंच सांगितलं असणार.

पोरीनं रात्रीची भाकरी बंद केली. सकाळी नुसता चहा. शेवटच्या दिवशी पाणी तोडलं आणि रेनकोट घालून उन्हात पळाली. आईच्या ध्यानात आलं नाही. आई सगळ्यांची ताटं उठल्यावर बसायची, आणि तिच्याही ताटात काय उरलंय हे कुणी बघत नसे.

काटा 54.800 वर थांबला. टाळ्या पडल्या. पण तीन-चार दिवसांत उतरतं ते बहुतेक पाणी आणि स्नायूंत साठलेली साखर. चरबी असल्या घाईला दाद देत नाही. वजन झाल्यावर तिनं तांब्याभर पाणी ढोसलं, एक वडापाव खाल्ला. तेवढ्यानं काय भरून येणार?

पूर्वार्ध निभावला. उत्तरार्धात समोरची चढाईला आत घुसली. कोपरा आणि कव्हर, दोघींनी हात गुंफून वाट अडवली, आणि कोपऱ्याच्या पोटरीत गोळा आला. पकड सुटली. कव्हरवाली एकटीच फरफटली, उजव्या खांद्यावर आपटली. ती तर सकाळी पोटभर जेवून आली होती. दोन गुण गेले. सामना एकानं गेला.

परतताना बाईंनी हळूच विचारलं, "पाळी वेळेवर येते ना?"

"तीन महिने झाले, नाही. बरंच की बाई, सरावाचा खाडा नाही."

दुसऱ्याच दिवशी बाई मायलेकींना घेऊन दवाखान्यात गेल्या. रक्त दोघींचंही कमी निघालं.

पुढच्या हंगामात कोपरा आणि कव्हर, दोघी मैत्रिणी कुमारी गटात गेल्या. तिथं 65 किलोपर्यंत चालतं. कोपऱ्याला आता सरावाआधी केळं किंवा शेंगदाणे-गूळ, डब्यात भाकरी, उसळ, उकडलेलं अंडं. लोह अंगी लागावं म्हणून जेवणाला लागून चहा नाही. ते मात्र तिला फार जड गेलं.

सामन्याच्या दिवशी कव्हरवाली तिचा डबा स्वतः तपासते. ही चिडते, झाकण दाबून धरते.

"उजवा खांदा मला एकच आहे," ती म्हणते, "उघड डबा."