वाळूजच्या भिंतीवर वाळूजचा माणूस

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात राबणारी ही माणसं टाळेबंदीत पायीच मध्य प्रदेशातल्या आपापल्या गावी निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचं छायाचित्र देशभर गेलं. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधला हातमोज्यांचा कारखाना पेटला, आत झोपलेले सहा कामगार दगावले. पुन्हा छायाचित्रं आली. आपल्या शहराला कामगार दिसतो तो असा, मेल्यावर. त्याआधी तो कसा जगत होता, पाळी सुटल्यावर कुठं टेकत होता, याची नोंद कुठल्याच भिंतीवर नाही. छायाचित्रकार घटना घडली की धावतो. रोजचं जगणं ही घटना नसते. तिथं चित्रकारच लागतो.

सुधीर पटवर्धनांची चित्रं पाहताना हे पटतं. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले पटवर्धन १९७५ पासून तीस वर्षं ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसा हाडांच्या फिल्म पाहायच्या आणि उरलेल्या वेळात रस्त्यावरचा, लोकलमधला, पुलावरचा माणूस रंगवायचा. १९७७ चं ‘इराणी रेस्टॉरंट’ घ्या. हॉटेलात बसलेला माणूस, एवढाच विषय. पोस्टरवरच्या कामगाराचा आवेश त्याच्यात नाही. पण देह असा भरीव, की नजर पुढे सरकत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि बहुतेकांची गिरणी कायमची सुटली. पुढे गिरणगावाचा चेहराच पालटला, तो २००१ च्या ‘लोअर परळ’मध्ये आहे. मध्यमवर्गीय डॉक्टरनं कामगाराच्या वतीनं काही सांगावं का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला वारंवार विचारला. मला तो प्रश्न त्यांच्या चित्रांइतकाच मोलाचा वाटतो.

परक्या मुलखातही हे घडलं आहे. मोटारींच्या डेट्रॉइटमध्ये दिएगो रिवेरानं १९३२-३३ मध्ये फोर्डच्या कारखान्यातले कामगार संग्रहालयाच्या भिंतींवर सत्तावीस चित्रफलकांत रंगवले. चित्रं पुसून टाका, अशी ओरड झाली. संग्रहालय बधलं नाही. ती आजही तिथं आहेत.

आणि आपण तर अजिंठ्याचे शेजारी! सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाच्या कथेत राजपुत्राबरोबर बाजारपेठही रंगवली आहे. दुकानदार आपापल्या धंद्यात गुंतलेले आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराला तराजू धरणारा हात भिंतीवर घेण्याजोगा वाटला. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८५ ला सुरू झाला. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींनी हे शहर पोसलं, तरी शहराचं चित्र म्हटलं की अजून बीबी का मकबरा आणि दरवाजेच पुढे येतात.

रंगवण्यासारखं काय आहे, ते संध्याकाळी बजाजनगर किंवा रांजणगावात उभं राहून पाहावं. पाळी सुटते, गेटबाहेर दुचाक्यांची रीघ लागते. ठेकेदाराकडचा हेल्पर गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबत चहाच्या गाड्यावर येतो. चहाचा ग्लास धरलेल्या बोटांच्या नखांत ऑइलची काळी रेघ असते; साबणानं हात धुऊनही ती जात नाही. पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत एका दारात कुकरची शिट्टी, शेजारच्या दारात रात्रपाळीवाला तोंडावर चादर ओढून झोपलेला. जालना, बीड, परभणीची बोली इथं बिहारच्या हिंदीशी रोज बोलते. या सगळ्याला रंग द्यायचा, तर आधी तिथं थांबावं लागेल, त्या हाताचं वळण रेखाटनवहीत उतरवावं लागेल.

कुंचला नेहमी बाहेरच्याच हाती का असावा, हेही विचारायला हवं. इंग्लंडमधल्या ॲशिंग्टनच्या खाणकामगारांनी १९३४ मध्ये कलेचा वर्ग सुरू केला. शिक्षक रॉबर्ट लायन यांनी त्यांनाच रंगवायला लावलं. ऑलिव्हर किलबर्नसारख्या खाणकामगारांनी कोळशाचा थर, घर, गल्ली रंगवली आणि ती चित्रं आज वुडहॉर्नच्या जुन्या खाणीतल्या संग्रहालयात, म्हणजे त्यांच्याच माणसांत आहेत.

आपल्याकडे शासकीय कला महाविद्यालय आहे, कारखानदारांच्या संघटना आहेत, कामगार संघटनाही आहेत. तिघांनी मिळून एक वर्ष द्यावं. विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊन काम करावं, कामगारांसाठी रविवारचा चित्रवर्ग चालवावा आणि प्रदर्शन शहरातल्या वातानुकूलित दालनाऐवजी बजाजनगरच्या एखाद्या सभागृहात भरवावं. फक्त एक करा: ते दुपारपासून रात्री अकरापर्यंत उघडं ठेवा, म्हणजे दुसऱ्या पाळीला जाणाऱ्याला जाताना आणि पहिल्या पाळीवाल्याला जेवण आटोपून, बायकापोरांना घेऊन, सावकाश पाहता येईल.