नवसावाचून

आश्विन पौर्णिमा जवळ आली की कलबुर्गी-बीदरकडून माणसे तुळजापूरच्या वाटेने पायी निघतात. पुष्कळांच्या पायांमागे नवस असतो. लेकरू दुखण्यातून उठले, आता आईचे दर्शन चालत जाऊन घ्यायचे. देवीने दिले, माणूस फेडतो. हिशेब सरळ आहे. पण ज्याचे लेकरू उठलेच नाही, त्याने कोणाचे ऋण फेडण्यासाठी चालावे?

पाश्चात्त्य देशांत असे आईबाप मुलाच्या स्मरणार्थ शेकडो किलोमीटर सायकल चालवतात. परिचित मंडळी त्यानिमित्त पैसे देतात आणि ते एखाद्या रुग्णालयाला वा संशोधनाला जातात. पैसे थेटच का देऊ नयेत, असे कोणीही व्यवहारी माणूस विचारील. हा आक्षेप उथळ नाही. आमच्या बसवकल्याणच्या मातीत तर तो अधिकच टोचतो. बाराव्या शतकात शरणांनी येथे कायक आणि दासोह यांची जोड घातली: कष्टाने मिळवावे, त्यातून समाजाला द्यावे. तेथे घाम आणि दान एकाच माणसाचे. सायकलफेरीत घाम एकाचा, पैसा दुसऱ्याचा. शिवाय त्या घामातून काही पिकत नाही.

तरीही त्या फेरीत एक गोष्ट घडते. गेलेल्या मुलाचे नाव आपण आईबापांसमोर उच्चारत नाही. त्यांना दुःख होईल म्हणून, आणि खरे तर आपली पंचाईत होईल म्हणून. फेरीच्या निमित्ताने ते नाव पुन्हा चारचौघांत येते. मला वाटते, देणारा पैशांपेक्षाही हेच अधिक देतो.

मुंबईत भाजी विकणाऱ्या दादाराव बिल्होरे यांच्या बाबतीत मात्र कष्टच दान झाले. 28 जुलै 2015 रोजी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळली आणि मागे बसलेला त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. त्यानंतर बांधकामाचा टाकाऊ राडारोडा गोळा करून ते रस्त्यांवरचे खड्डे बुजवू लागले. कायक म्हणावे ते हेच.

येथेच मन अडखळते. ज्या रस्त्याने मूल नेले त्याची डागडुजी बापाने करावी, आणि आपण त्याला थोर म्हणून मोकळे व्हावे? आपल्या कौतुकात एक सोय दडलेली असते: बापाची करुणा दिसू लागली की त्याचा संताप दिसेनासा होतो. रस्ता नीट ठेवणे ज्यांचे काम होते त्यांना हे कौतुक फारच स्वस्त पडते. बिल्होरे यांचे श्रम दान आहेत, तशीच फिर्यादही आहेत. ती फिर्याद न ऐकता केलेला सत्कार मला अर्धवट वाटतो.

नवस फेडणारा तुळजापूरच्या पायऱ्या उतरताना ऋणातून सुटलेला असतो. बिल्होरे यांच्या हिशेबाला तशी पायरी नव्हती. 2018 पर्यंत त्यांनी पाचशेहून अधिक खड्डे बुजवले होते, आणि पुढचा पावसाळा नवे खड्डे आणणारच होता.