ग्लँडची नळी आणि रेडिएटरचा होज



मांडवीकाठी ओढून ठेवलेल्या तुझ्या बोटीचे फोटो पाहिले. पाऊस लागायच्या आत ती पाण्याबाहेर काढलीस हे उत्तम केलंस. इकडेही १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे सगळी बंदरं डागडुजीत गुंतली आहेत. तुझा प्रश्न एवढाच की, शाफ्टच्या ग्लँडची नळी कडक होऊन तडकलीय, तिच्या जागी ट्रकच्या रेडिएटरचा होज कापून घातला तर चालेल का? मिस्त्री ‘चालतो’ म्हणतो. मिस्त्रीला त्या बोटीतून समुद्रात जायचं नाही. तुला जायचंय, म्हणून सविस्तर लिहितो.

शाफ्ट ज्या ट्यूबमधून बाहेर पंख्याकडे जातो, त्या स्टर्न ट्यूबमध्ये समुद्राचं पाणी कायम भरलेलंच असतं. ते आत येऊ नये म्हणून ग्लँड, आणि ग्लँडच्या पोटात पॅकिंगची दोरी. मोठ्या मच्छीमार बोटींवर ग्लँड बहुधा थेट ट्यूबलाच पक्की केलेली असते. तुझ्या शिडाच्या बोटीचं इंजिन रबरी पायांवर बसलंय, चालू झालं की थरथरतं, आणि त्याच्याबरोबर शाफ्टही. म्हणून ग्लँडला थोडी हालचाल मिळावी लागते आणि ती हातभर सुद्धा नसलेल्या रबरी नळीच्या तुकड्यावर तोलून धरलेली असते. हा तुकडा पाण्याच्या पातळीखाली आहे. तो फाटला तर काय होतं याचा हिशेब करून बघ. ट्यूब आतून ४० मिमी, शाफ्ट २५ मिमी आणि जागा पाण्याखाली ६० सेंमी धरली, तर मधल्या फटीतून कागदावर मिनिटाला ९० लिटरच्या आसपास पाणी येतं. ट्यूबमध्ये बेअरिंग असलं तर थोडं कमी. तुझ्या पंपावर ‘ताशी ५०० गॅलन’ लिहिलंय, म्हणजे मिनिटाला साधारण ३१ लिटर, तेही बॅटरी भरलेली आणि जाळी स्वच्छ असेल तर.

आता मुख्य मुद्दा. लोक समजतात की नळीचं काम पाणी अडवणं. पाणी तर कुठलीही नळी अडवेल, तिथे दाबच नाममात्र आहे. खरी परीक्षा पिळाची. पॅकिंग जास्त आवळलं गेलं किंवा बोट महिनोन्‌महिने उभी राहून दोरी शाफ्टला धरून बसली, की इंजिन गिअरमध्ये टाकताच शाफ्ट ग्लँडलाही सोबत फिरवू पाहतो. नळीचं एक टोक ट्यूबवर घट्ट, दुसरं फिरायला निघालेलं. ओलं धोतर पिळावं तशी ती पिळली जाते. हा पीळ सोसायला जाड भिंत लागते आणि भिंतीत कापडाचे थर लागतात, चार-पाच तरी. रेडिएटरचा होज गरम पाणी थोड्याशा दाबाने इकडून तिकडे न्यायला बनवलेला असतो. त्याची भिंत पातळ, आत कापडाचा एखाद-दुसरा थर. तो पहिल्याच पिळात फाटेलच असं नाही. कधी फाटेल ते मात्र सांगता येत नाही, आणि मला तीच गोष्ट नको आहे.

दुसरा मोह तारवाल्या नळीचा. एक्झॉस्टचा होज जाडजूड दिसतो, आत पोलादी तारेचं वेटोळं असतं, दुकानदार ‘मरीन’ म्हणून अभिमानाने दाखवतो. तो घेऊ नकोस. तुकडा कापलास की तारेचं टोक उघडं पडतं, खारं पाणी तिथून आत झिरपतं आणि गंज नळीला आतून फुगवतो. वेटोळ्यावर क्लिपही सपाट बसत नाही. बिनतारेचा, फक्त कापडी थरांचा जाड होज मिळाला तर तो घे. पारदर्शक पीव्हीसी नळीचं तर नावच काढू नकोस.

रबर कोणतं, हे तुझ्या बोटीच्या तळात काय साठतं त्यावर ठरतं. ईपीडीएम पाणी, ऊन, उष्णता छान सोसतं, पण तेल आणि डिझेल लागलं की फुगून मऊ पडतं. नायट्रिल याच्या उलट, तेलाला पक्कं, पण उघड्या हवेत आणि उन्हात लवकर तडकतं. निओप्रीन दोन्हीकडे बऱ्यापैकी निभावून नेतं. १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं, आणि अजून त्याला धंद्यात मान आहे. निळ्या सिलिकॉनच्या नळ्या हल्ली दिसतात. म्हातारपणी कडक होत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण सिलिकॉनलाही तेल-डिझेल मानवत नाही, आणि त्यात एकदा चीर पडली की ती पुढे पळते. खाचांची साधी क्लिप त्यात रुतते, त्यामुळे आतून गुळगुळीत पट्टीची क्लिपच हवी. तुझ्या फोटोत इंजिनाखालच्या ट्रेमध्ये काळं तेल स्पष्ट दिसतंय. तुझ्यासाठी निओप्रीन किंवा नायट्रिल. तळ आरशासारखा ठेवणारा माणूस असतास, तर सिलिकॉनला मी अडवलं नसतं.

क्लिपा घ्यायला जाशील तेव्हा खिशात लोहचुंबक ठेव. ‘फुल स्टेनलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी क्लिपांची पट्टी चांगली असते आणि स्क्रू हलक्या जातीचा. चुंबक स्क्रूला टपकन चिकटला की समज, हाच आधी गंजणार. ३१६ ग्रेडच्या घे, प्रत्येक टोकाला दोन, स्क्रूची डोकी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. प्रत्येक क्लिपेखाली धातू असलाच पाहिजे. ट्यूब संपल्यावर पुढे आवळलेली क्लिप नळी कापते. ट्यूब आणि ग्लँड यांच्यामधलं अंतर शक्य तेवढं कमी ठेव, पण धातूला धातू टेकू देऊ नकोस. अंतर वाढलं की ग्लँड लोंबते आणि नळीला पीळही जास्त बसतो. नळी चढवताना साबणाचं पाणी वापर, ग्रीस नको.

नळी बदलायला कपलिंग सोडवून शाफ्ट मागे सरकवावा लागतो, हे तुला ठाऊक आहेच. नळी उभी चिरून गुंडाळायची आणि चिकटवायची, असला सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. शाफ्ट निघालाच आहे तर पॅकिंगची दोरी आणि बेअरिंगही बघून घे. बोट परत पाण्यात गेल्यावर एक दिवस थांब, मग फीलर गेज लावून कपलिंग जुळव. चार इंची कपलिंगला चार हजारांश इंचाहून जास्त फरक चालायचा नाही. इंजिन चालू असताना ग्लँडमधून मिनिटाला दोन-तीन थेंब पडू देत. हात लावून ती कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर पॅकिंग ढिलं कर.

नळीचं माप जुन्या नळीवरून घेऊ नकोस, ती फुगलेली आहे. कॅलिपर लावून ट्यूबचा आणि ग्लँडच्या मानेचा बाहेरचा व्यास मोज, दोन्ही वेगवेगळे, कारण ते सारखे असतीलच असं नाही. बोट इंग्लंडची, म्हणजे मापं इंचांत. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिमी, आणि दुकानदार ४५ची नळी गळ्यात मारेल. मग क्लिप आवळताना तिला चुणी पडते आणि पाणी तिथूनच पाझरतं. मापं मला कळव, पुढच्या आठवड्यात मुंबईला जाणं आहे, नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करतो.

तुझा,
काका

ता. क. नळीवर तयार झाल्याची तारीख छापलेली असते. कपाटात वर्षानुवर्षं पडलेला माल स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नकोस.