यदृच्छा, कथन आणि उत्तरदायित्व

‘यदृच्छा’ हा शब्द आपल्या परंपरेला नवा नाही. विश्वाच्या कारणांची चर्चा करताना श्वेताश्वतर उपनिषदाने काल, स्वभाव आणि नियती यांच्या जोडीने यदृच्छेचेही नाव घेतले आहे. अर्थात अंतिम कारणाचा मान तिला दिलेला नाही. संख्याशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘यादृच्छिक’ हे विशेषण आता रुळले असून, पाश्चात्त्य भाषांतील ‘स्टोकॅस्टिक’ या संज्ञेचे काम तेच करते. या दुसऱ्या संज्ञेचे मूळ ग्रीक आहे आणि तेथे तिचा संबंध नेम धरण्याशी, अंदाजाने लक्ष्य वेधण्याशी पोचतो. ग्रीक शब्दात नेम धरणारा कोणीतरी गृहीत आहे. आपल्या शब्दात जे जसे ओढवेल तसे, एवढेच. अमुक गोष्ट यदृच्छेने घडली असे म्हणताना आपण कोणाला तरी जबाबदारीतून मोकळे करीत असतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो नीतिशास्त्राचा आहे तसाच कथनमीमांसेचाही आहे. कारण घटनांची संगती लावणारा प्रत्येक जण, मग तो इतिहासकार असो वा कादंबरीकार, काय अटळ होते आणि काय योगायोगाने घडले याची वाटणी करूनच पुढे जातो.

ही वाटणी गणितात फार स्पष्टपणे दिसते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणाच्या अस्थिर हालचालीसाठी पॉल लांजव्हँ यांनी 1908 साली जे समीकरण मांडले, त्यात दोन पदे आहेत. एक कणाला रोखणाऱ्या घर्षणाचे. त्याला आपण ‘कल’ म्हणू. दुसरे क्षणोक्षणी बसणाऱ्या अनपेक्षित धक्क्यांचे. त्याला ‘क्षोभ’ म्हणू. कल सांगता येतो, क्षोभाविषयी केवळ त्याचे सर्वसाधारण प्रमाण सांगता येते. परंतु येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. कणाला रोखणारे आणि त्याला धक्के देणारे रेणू एकच आहेत. एकाच पाण्याचा एक भाग आपण नियमाच्या खाती टाकला आणि दुसरा यदृच्छेच्या. पुढे 1940 च्या दशकात कियोशी इतो यांनी अशा समीकरणांचे कलनशास्त्र उभारले, तेव्हा हा पेच आणखी वाढला. क्षोभाची तीव्रता कणाच्या स्थितीनुसार बदलत असेल, तर इतो यांच्या पद्धतीने लिहिलेल्या समीकरणातील कल आणि स्ट्रॅटोनोविच यांच्या पद्धतीने लिहिलेल्या समीकरणातील कल वेगवेगळे निघतात, जरी वर्णन एकाच प्रक्रियेचे असले तरी. कल कोठे संपतो आणि क्षोभ कोठे सुरू होतो, हे काही अंशी लिहिणाऱ्याच्या संकेतावर अवलंबून असते.

अलीकडच्या संशोधनाने हा धागा फार पुढे नेला आहे. जळत्या कागदाची पुढे सरकणारी कड जशी वेडीवाकडी वाढते, तशा वाढीचे एक समीकरण कार्दार, पारिझी आणि झँग यांनी 1986 साली दिले. भौतिकशास्त्रज्ञांनी ते बिनदिक्कत वापरले. गणितज्ञांना मात्र ते समीकरण म्हणून नीट अर्थपूर्णच वाटेना, इतका त्यातील क्षोभ खडबडीत होता. त्यातून एक अनंत राशी वजा केल्याखेरीज उत्तर हाती लागत नाही. हे कोणत्या न्यायाने करता येते, याची पक्की बैठक मार्टिन हायरर यांनी घातली आणि या प्रकारच्या कार्यासाठी त्यांना 2014 साली फील्ड्स पदक मिळाले. साहित्याच्या अभ्यासकाला या गणितातील तंत्र अवगत असण्याचे कारण नाही. पण क्षोभ हा केवळ उरलेला गाळ नसून तो नियमाच्याच रूपात ढवळाढवळ करतो, एवढे त्याने ध्यानी घ्यायला हरकत नसावी.

आपल्याकडे या दोन्ही प्रांतांत अधिकाराने वावरलेला विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात 1907 साली जन्मलेल्या कोसंबींची इतिहासकार ही ओळख मराठी वाचकाला आहे. यादृच्छिक फलनांचे पृथक्करण करणारा त्यांचा 1943 चा निबंध मात्र आपल्या चर्चेत क्वचित येतो. गणितज्ञ आज त्या प्रमेयाशी कारहुनेन आणि लोएव्ह यांच्याबरोबर कोसंबींचेही नाव जोडतात. याच सुमारास ते आहत नाण्यांचे वजन करीत होते. चांदीचे नाणे हातोहात फिरते, झिजते. किती झिजेल हे ते कोणाच्या हाती पडले, कोणत्या पिशवीत घासले यावर अवलंबून. एकट्या नाण्यावरून काहीच सांगता येत नाही. पण एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचा मोठा समूह घेतला, तर सरासरी वजन काळाच्या प्रमाणात घटते आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढत जाते. तक्षशिलेच्या नाण्यांवर मागील बाजूच्या खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी, हे कोसंबींनी दाखविले आणि लेखी पुरावा नसलेल्या काळाला एक कालक्रम मिळवून दिला. प्रत्येक माणसाचा हात येथे क्षोभाच्या खात्यात गेला आहे. ते योग्यच होते, कारण प्रश्न काळाचा होता, हातांचा नव्हता.

हेच कोसंबी भर्तृहरीकडे वळले तेव्हा वाटणी उलटली. शतकत्रयाच्या शेकडो हस्तलिखितांची छाननी करून 1948 साली त्यांनी जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखनिकांनी घातलेली भर, गाळलेली पदे, प्रक्षिप्त श्लोक हा सारा क्षोभ. आणि तो वजा केल्यावर सर्वत्र समान उरणारा गाभा हा शोधाचा विषय. नाण्यांच्या बाबतीत व्यक्ती वजा केली होती, येथे व्यक्तीसाठी बाकी सारे वजा केले. हाती आलेला भर्तृहरी खरा माणूस की केवळ परंपरेचा सामाईक भाग, हा प्रश्न उरतोच. शिवाय त्या कवीच्या वैराग्याचे मूल्यमापन करताना कोसंबींनी पुन्हा वर्गीय स्थितीचा कल पुढे केला आणि कवीला जाब विचारला. ज्याचे वागणे वर्गाच्या कलाने ठरते त्याला जाब कसा विचारावा, याचा उलगडा त्या विवेचनातून मला होत नाही. त्यांच्या चाहत्यांनी या ठिकाणी जरा थांबायला हवे होते.

यदृच्छेचा मोह कोसंबींनाही आवरला नाही. संभाव्यतेच्या युक्तिवादाने रीमानचे अनुमान सिद्ध केल्याचा दावा त्यांनी 1959 साली एका कृषिसंख्याशास्त्रीय नियतकालिकात केला; तो टिकला नाही. मूळ संख्यांना यादृच्छिक मानून पुष्कळ काही सुचते, पण त्या यदृच्छेने ठरत नाहीत. प्रत्येक मूळ संख्या जेथे आहे तेथे अटळपणे आहे. जे अटळ आहे त्याला यादृच्छिक समजण्यात केवढा धोका असतो, याचे हे उदाहरण थोर बुद्धीच्या माणसाचे असल्यामुळेच अधिक बोलके आहे.

आता कथेकडे वळू. जयंत नारळीकर यांचा जन्म 1938 साली कोल्हापूरचा. 2025 साली ते गेले. ‘यक्षांची देणगी’ या 1979 च्या संग्रहातील ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा मराठी विज्ञानकथेच्या चर्चेत वारंवार येते, पण बहुधा कल्पकतेचा नमुना म्हणून. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निसटून गेली असती तर? गंगाधरपंत हे इतिहासाचे अभ्यासक अपघातानंतर अशा जगात जाऊन येतात जेथे तसे घडले आणि पुढचा हिंदुस्थान निराळा झाला. पुंजभौतिकीतील अनिश्चितता आणि अरिष्टसिद्धान्त या दोहोंच्या आधारे कथेत याची उपपत्ती लावली आहे. इलेक्ट्रॉनची अनिश्चितता शिशाच्या गोळीपर्यंत कशी पोचते, याविषयी भौतिकशास्त्रज्ञ कुरकुर करू शकेल. कथेला तेवढी सूट द्यावी. माझा आक्षेप वेगळा आहे. कथेने भर दिला तो गोळीवर. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली, मराठ्यांची दक्षिणेची वाट तुटली, रसद आटली, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांच्यासह एवढा जमाव उपाशी पडला, सुरजमल जाट आधीच दूर झाला होता. हा कल होता. या कलाच्या टोकाला एक गोळी आली. तिला सारे श्रेय देणे म्हणजे क्षोभाच्या नावावर कलाचे कर्ज चढविणे होय.

तरीही कथेतील नैतिक पेच खोटा नाही. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल यांनी 1976 साली ‘नैतिक दैव’ या नावाने तोच मांडला: ज्यावर कर्त्याची सत्ता नाही अशा गोष्टीवर त्याचे गुणदोष कसे ठरावेत? गोळी बोटभर चुकली असती तर सदाशिवरावभाऊ दूरदर्शी सेनापती ठरले असते, आणि तीच आखणी, तोच हट्ट यांचे पोवाडे झाले असते. बखरकार अशा वेळी ‘दैव’ म्हणून मोकळे होतात. शेजवलकरांसारखा इतिहासकार तसे करीत नाही, म्हणून त्यांचे ‘पानिपत : 1761’ आजही वाचावेसे वाटते. गणिताची भाषा येथे थोडी मदत करते. भाऊंचा निवाडा घडून गेलेल्या एका वाटेवरून करू नये. त्यांच्या निर्णयांमुळे शक्य झालेल्या सर्व वाटांवरून करावा. उपाशी फौजेला निर्णायक लढाईत लोटताना किती वाटा पराभवाकडे जात होत्या आणि त्या त्यांना दिसण्याजोग्या होत्या काय, एवढाच प्रश्न दोषाचा आहे. गोळीचा त्यात भाग नाही. गोपिकाबाईंना मात्र या सर्व वाटांचा काहीही उपयोग नव्हता. त्यांचा मुलगा एकाच वाटेवर गेला. साहित्य बहुधा या दुसऱ्या बाजूने उभे राहते आणि तो त्याचा अधिकार आहे. घोटाळा होतो तो एकाच वाटेच्या दुःखातून सर्व वाटांचा निवाडा काढला जातो तेव्हा.

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांविषयी लिहिताना आपली समीक्षा ‘नियती’ हा शब्द सढळ हाताने वापरते. नियती आणि यदृच्छा यांत गल्लत होऊ नये. नियतीला दिशा असते, कोणीतरी रचल्याचा भास असतो. यदृच्छेला तो नसतो. कथा सांगू लागताच यदृच्छेची नियती होते, कारण शेवट ठाऊक असलेला निवेदक तिला दिशा देऊन बसतो.

या रूपांतराचे परिणाम ग्रंथांपुरते राहत नाहीत. पंचगंगेला 2005, 2019 आणि 2021 साली महापूर आले. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. मागील दोन महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेले. दरवेळी कानी पडते ते ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे वाक्य. नदीकाठच्या नकाशावर निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. हे विधान संभाव्यतेचे आहे: दरवर्षी शंभरात एक. यातून पूर एकदा येऊन गेला की शंभर वर्षे स्वस्थता, असा अर्थ लोक काढतात. आणि जबाबदार मंडळींनाही तो सोयीचा वाटतो. वस्तुतः तेवढीच संभाव्यता धरली तरी तीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के आणि शंभर वर्षांत सुमारे 63 टक्के निघते. तीस वर्षे म्हणजे घरासाठी काढलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जाचा काळ.

त्यातही शंभरात एक हा आकडा मागील वर्षांच्या नोंदींवरून काढलेला असतो. पात्रात पडलेले भराव, रेषेच्या आत उठलेली बांधकामे, धरणांच्या विसर्गाचे वेळापत्रक, बदललेला पाऊस यांतील कशाचा वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहेत आणि ते व्हावेत. पण या गोष्टी कलाच्या पदात घालायच्या की क्षोभाच्या, हे पाणी ठरवीत नाही. नकाशावर रेषा ओढणारा, परवानगीवर सही करणारा आणि नंतर अहवालात ‘अभूतपूर्व’ हे विशेषण लिहिणारा माणूस ते ठरवितो. सोळा वर्षांत तीनदा आलेल्या गोष्टीला ते विशेषण कोणत्या अर्थाने लावायचे, हे त्याला विचारता येते.