फास्टर फेणे आणि अपराध्याचे अंतरंग

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणेचे पात्रचित्रण बाह्य खुणांवर उभे आहे: फुरसुंगीचा किडकिडीत बनेश, पुण्याचे विद्याभवन, सायकल आणि तोंडून निघणारे ते 'ट्टॉक'. या खुणांना उथळ म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेरलॉक होम्सचे कुतूहल तर्कात विरघळते. फेणेचे कुतूहल विचाराच्या आधी शरीरातून उमटते. तो रहस्याचा माग काढण्यापेक्षा त्यात धडपडत शिरतो, म्हणूनच त्याचे धाडस पटते.

उणीव आहे ती खलपात्रांत. त्यांना हेतू असतो, अंतरंग बहुधा नसते. लोभ एवढे कारण पुरते. साहजिकच गुन्हेगार समजून घ्यावा लागत नाही, केवळ पकडावा लागतो. बालवाचकासाठी ही सोय मानली, तरी एक प्रश्न उरतोच. दोष देणे म्हणजे समोरच्याला वेगळे वागता आले असते, असे मानणे. कथेने ज्याला तो पर्यायच दिला नाही, त्याला दोषी ठरविण्याचा अधिकार तिला कोठून मिळतो? २०१७च्या चित्रपटात गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेला अप्पा बोलका, मिश्कील आहे. काही प्रसंगांत तर तो फेणेवरही मात करतो. मात्र स्वतःशी अडखळण्याची मुभा त्यालाही फारशी मिळालेली नाही.