कॅव्हेलियर : लळा आणि वारसा

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिअल हा पाच ते आठ किलो वजनाचा, लांब कानांचा आणि रेशमी केसांचा इंग्लंडमधला कुत्रा. दुसऱ्या चार्ल्स राजाचे (1630–1685) नाव त्याला शोभते. या राजाला छोट्या स्पॅनिअलांचे इतके वेड होते, की कामकाज सोडून तो कुत्र्याशी खेळत बसतो, अशी नाराजी सॅम्युअल पीप्सने रोजनिशीत नोंदवली आहे.

त्या काळच्या चित्रांत हे कुत्रे लांबट नाकाचे आणि सपाट माथ्याचे दिसतात. एकोणिसाव्या शतकात आवड पालटली. घुमटासारखे डोके आणि बसके नाक यांना मान मिळाला, आणि जुनी ठेवण जवळपास लोपली. 1926 साली रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकी गृहस्थाने लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जुन्या ठेवणीच्या कुत्र्यांसाठी 25 पौंडांची बक्षिसे ठेवली. 1928 मध्ये क्लब निघाला आणि ‘अ‍ॅन्स सन’ नावाच्या कुत्र्याला समोर ठेवून जातीचे मानदंड ठरले. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1945 मध्ये तिला स्वतंत्र मान्यता दिली.

स्वभाव हेच या जातीचे खरे वैभव. स्पॅनिअल मुळात पाखरे उठवणारा शिकारी कुत्रा. म्हणून मांडीवर लोळणारा कॅव्हेलियरही पक्षी दिसताच मागचापुढचा विचार न करता धावतो. राखणीला मात्र तो निरुपयोगी, कारण अनोळखी माणसाचेही तो शेपूट हलवून स्वागत करतो. लहान मुले, म्हातारी माणसे, घरातले दुसरे कुत्रे, सगळ्यांशी त्याचे सहज जमते. एकटेपण मात्र त्याला सोसत नाही. दिवसभर कुलूपबंद असलेल्या घरात त्याला ठेवणे हा त्याच्या स्वभावावर अन्यायच आहे.

मोजक्या कुत्र्यांपासून जात पुन्हा उभी राहिली, त्याची जबर किंमत पुढच्या पिढ्या मोजत आहेत. हृदयाची मायट्रल झडप निकामी होत जाण्याचा विकार यांच्यात फार लवकर सुरू होतो, आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांना गाठतो. अनेकांची कवटी मेंदूला अपुरी पडते. त्यामुळे मज्जारज्जूत द्रवाच्या पोकळ्या होऊन मानेत तीव्र वेदना होतात. केवळ निरोगी जोड्या निवडून हे सुटणे अवघड, कारण जातीत अशा जोड्याच दुर्मिळ आहेत. नॉर्वेत 2022 साली ओस्लोच्या न्यायालयाने या जातीची पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. दुसऱ्या जातींशी विचारपूर्वक संकर करण्याचा मार्ग मात्र खुला आहे. शुद्ध वंशावळीचा आग्रह सोडून तो मार्ग धरायला हवा.